कवठखेड्याचा पाऊस

माझ्या थोरल्या बहिणीची शाळा चौथीतून सुटली ती पाण्यापायी. आमचं गाव वडमाळ, रेणापूर तालुक्यात, बालाघाटाच्या एका बोडक्या सोंडेवर. वर दगड, खाली मुरूम आणि मधे जेमतेम हातभर माती. गावातली विहीर दिवाळीपर्यंत टिकली तर ते साल आम्ही चांगलं म्हणायचो. पुढचे सात-आठ महिने पाणी आणायचं ते खालच्या कवठखेड्यातून. उतरायला पाऊण तास, भरल्या घागरीनं चढायला सव्वा. मायच्या एकटीच्या खेपा पुरेनात, म्हणून आक्काला शाळेतून काढलं. मी मुलगा, मला ठेवलं. कुणाला त्यात विचारण्यासारखं काही वाटलं नाही. मास्तर मात्र घरी येऊन बापाला सांगून गेले होते की दोघांत पोरगी हुशार आहे.

कवठखेड्यात सगळ्यांच्या आडावर आम्हाला पाणी मिळत नसे. 'आले माळावरचे' म्हणत लोक आडावर फळी टाकायचे. सोजरमाय म्हणून एक विधवा बाई होती, तिचा आड तेवढा कायम उघडा. आठवी ते दहावी मी कवठखेड्याच्या शाळेत शिकलो. शाळा सुटली की तिच्या आडावर दोन कॅन भरायचे आणि चढण चढायची. कॅन भरेपर्यंत ती माझ्या हातावर भाकरीचा तुकडा ठेवायची.

पुढं मी भूगोल घेऊन एम.ए. झालो. वडमाळचा पहिला पदवीधर मी, आणि हे सांगताना मी आवाज खाली घेत नाही. सध्या निलंग्याला एका खासगी शाळेत तासिकेवर शिकवतो. पर्जन्यछायेचा प्रदेश हा धडा माझ्यासारखा कुणी शिकवत नाही, असं मुलं म्हणतात. म्हणणारच. बाकीच्यांनी तो पुस्तकात वाचलाय.

हा प्रवास घडला दोन वर्षांपूर्वीच्या भाद्रपदात. त्याच्या आधीचा श्रावण वडमाळवर पूर्ण कोरडा गेला. नियम असा की सलग एकवीस दिवस पाऊस नसला तर तो खंड धरतात, आणि असा खंड पडलेल्या मंडळाचं नाव टंचाईच्या यादीत येतं. यादीत नाव आलं तर उन्हाळ्यात टँकर. मंडळ म्हणजे दहा-पंधरा गावांचा गट. त्या सगळ्या गावांना पाऊस मोजायचं यंत्र एकच. आमच्या मंडळाचं यंत्र कवठखेड्यात आहे, महादेवाच्या देवळामागं. यादी निघाली, आमचं मंडळ तिच्यात नव्हतं. यंत्रानं श्रावणात चार दिवस चांगला पाऊस नोंदवला होता.

माय साठीच्या पुढं गेलेली, उजवा गुडघा कामातून गेलेला. टँकर नाही म्हणजे चैत्रात ती पुन्हा कवठखेड्याचा उतार उतरणार. मी निलंग्याला, आक्का सासरी, बाप केव्हाच वारलेला. तिच्या खेपा करायला दुसरं कुणी नव्हतं. मी शाळेतून बिनपगारी रजा काढली आणि ठरवलं की वडमाळचा पाऊस कवठखेड्याच्या पावसाहून वेगळा असतो हे शास्त्रानं सिद्ध करायचं आणि वडमाळला स्वतःचं पर्जन्यमापक मिळवायचं.

निलंगा ते लातूर

सकाळची एसटी. मागच्या बाकावर दोन बायका निम्मं कानडी, निम्मं मराठी बोलत होत्या. मला कानडी येत नाही, पण 'मळे इल्ल' हे दोन शब्द निलंग्यात राहून कुणालाही येतात. पाऊस नाही. औसा येईपर्यंत त्यांनी ते सात-आठ वेळा म्हटलं असेल. खिडकीबाहेर सोयाबीन पिवळं पडून जमिनीला टेकलेलं. मधेच उसाचा एखादा हिरवागार पट्टा यायचा. तिथं ज्याची बोअर खोल, त्याचा तो हिरवा.

ज्यांनी हा मुलूख पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. समुद्रावरचा वारा ढग घेऊन निघतो आणि सह्याद्रीला धडकतो. तिथं तो वर चढतो, गार होतो आणि कोकणात सगळं ओतून देतो. घाट ओलांडून पलीकडं उतरतो तेव्हा त्याच्याकडं फारसं काही उरलेलं नसतं. आणि आम्ही तर घाटाच्या सावलीतही पार आत. कोकणातले लोक पावसाच्या नावानं बोटं मोडतात हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते थट्टा करतायत असंच वाटलं होतं. आमच्याकडं ढग येतात, दाटतात, सावली पडते, माणसं अंगणातली ज्वारी गोळा करतात, आणि ढग पुढं जातात.

लातूरला एका कचेरीत मला यंत्राच्या नोंदींचे कागद हवे होते. तासातासाची नोंद, सगळ्या श्रावणाची. तिथल्या माणसानं अर्ज वाचला आणि मला बसायला खुर्ची दिली. मग विचारलं, "पाणी घेता का, गुरुजी?" हो म्हटल्यावर पेला आला तो अर्धा भरलेला. मी बारावीला होतो त्या वर्षी लातूरला रेल्वेनं पाणी आलं होतं. तेव्हापासून इथं बऱ्याच ठिकाणी पेला अर्धाच भरतात. पाहुण्याला पुन्हा मागता येतं, उष्टं पाणी मात्र टाकून द्यावं लागतं.

"कागद नेताव, न्या," तो म्हणाला. "पण एक सांगू का, मशीन खोटं बोलत नसतंय."

"मशीन खोटं आहे असं मी म्हणतच नाही," मी म्हणालो. "मशीन खरं आहे. कवठखेड्यात पाऊस पडला. वडमाळला पडला नाही. दोन्ही खरं आहे."

"मंग तसं सिद्ध करून आणा. कुणी मोठ्या माणसाची सही आणा त्याच्यावर. वेगळ्या मापकाचा विचार व्हईल."

मला राग आला नाही. आनंदच झाला. हीच तर माझी परीक्षा होती, आणि अभ्यासक्रम माझा होता.

वडमाळ

रेणापूरहून जीप मिळाली, शेवटचा तुकडा पायी. एसटीत बसून मी नकाशा काढला होता. मधे आमची सोंड, पश्चिमेला कवठखेडा, पूर्वेला वडमाळ, वाऱ्याचे निळे बाण. संध्याकाळी पारावर तो उघडून बसलो. चार-सहा जण जमले. त्यात धोंडूतात्या होते. आमचे शेजारी, सत्तरीचे, माझ्या बापाचे दोस्त.

"तात्या, असं बघा. पश्चिमेचा वारा कवठखेड्याकडून येतो. आपल्या सोंडेला धडकतो, वर चढतो आणि तिथंच मोकळा होतो. आपण पलीकडच्या अंगाला. आपल्याला नुसता वारा."

"बरं," तात्या म्हणाले. "मंग तिथं मोकळा झालेला पाऊस गेला कुठं?"

"म्हणजे?"

"पोळ्याच्या आदी मी खाली गेल्तो, पाव्हण्याकडं. रानात उकरून बगितलं. वीत तर सोडच, बोटभर ओल न्हाई."

आमच्याकडं पाऊस मिलिमीटरमध्ये कुणी मोजत नाही. पाऊस उघडला की माणूस रानात जातो, हातानं माती उकरतो आणि ओल किती खोल गेली ते बोटांनी बघतो. बोटभर, चार बोटं, वीत. वीतभर ओल झाल्याशिवाय पेरत नाहीत. तात्यांचा हात म्हणजे गावाचं माप.

"बाष्पीभवन," मी म्हणालो.

"काय?"

"ऊन होतं, वारा होता. वाफ होऊन गेली."

"आरं, कवठखेड्याचं काळं रान हाय. म्हशीवाणी पाणी धरून बसतंय ते. चार येळा पडलेला पाऊस आठ दिसात वाफ व्हतोय व्हय?"

"तात्या, मी हे शिकलोय."

"त्येच म्हणलालो की," तात्या म्हणाले. "शिकलास."

बाकीचे हसले. मी नकाशाची घडी घातली. घरी माय चुलीपुढं गुडघा पसरून बसली होती. तिला सगळं ऐकू आलं होतं.

"तात्यासंगं वाद घालू नगस," ती म्हणाली. "टँकर येईल का न्हाई, तेवढं सांग."

"येईल," मी म्हणालो. इतक्या खात्रीनं मी आयुष्यात फार थोड्या गोष्टी बोललो असेन.

नांदेड

अहमदपूर, लोहा करत नांदेडला उतरलो तेव्हा सदरा पाठीला चिकटला होता. नकाशात हे दोन जिल्हे शेजारी दिसतात, पण लातूर पठारावर आणि नांदेड गोदावरीच्या खोऱ्यात, दोन-अडीचशे मीटर खाली. लातूरकडं भाद्रपदातसुद्धा संध्याकाळी हवा सुटते. नांदेडला स्टँडवर उतरलं की कुणीतरी तोंडावर ओला पंचा टाकल्यासारखं होतं. लातूरकडून पहिल्यांदा आलेला माणूस इथं दिवसातून दोनदा सदरा बदलतो आणि आपण आजारी आहोत असं समजतो. इथं एम.ए.ला आलो त्या पहिल्या वर्षी मी तेच समजलो होतो.

ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते सर अजून नोकरीत होते. त्यांनी नकाशा पाहिला, कागद चाळले.

"पाऊस सगळा सकाळी पडलाय. सातच्या पुढच्या तासात. कारण काय देशील?"

याचं उत्तर मी गाडीतच तयार केलं होतं. "सर, माळावरची रात्रीची गार हवा उतरून दरीत साचते. पहाटे पश्चिमेची ओली हवा तिच्यावर चढते. म्हणून सकाळी पाऊस, आणि फक्त दरीत."

सर खुर्चीत मागं रेलले. "वा," म्हणाले. "बालाजी, ही मांडणी तुझी?"

"हो सर."

त्यांनी विभागाच्या कागदावर पत्र लिहून दिलं. स्थानिक उंचसखलपणामुळं थोड्या अंतरात पडणाऱ्या पावसाच्या फरकाचं हे उत्तम उदाहरण असून वडमाळसाठी स्वतंत्र पर्जन्यमापक आवश्यक आहे. खाली सही, शिक्का. जाताना त्यांनी माझी पाठ थोपटली आणि दारापर्यंत सोडायला आले. माझ्या बापाला हे बघायला मिळायला हवं होतं, असं मला वाटलं. आता वाटतं, बरं झालं नाही मिळालं.

नायगाव

परतायच्या आधी आक्काकडं जायचं होतं. ती नायगावजवळ दिली आहे. तिच्या भागातला पाऊस माझ्या कागदात तुलनेसाठी घ्यावा असाही विचार होता.

नायगावला उतरलो तो पावसातच. श्रावणात तोंड दाखवलं नाही आणि आता सुगीच्या तोंडावर पिकाला धोपटत होता. माझ्याकडं छत्री नव्हती. तिच्या गावापर्यंत रिक्षा, आणि रिक्षापासून घरापर्यंत चिखल. दारात पोचलो तेव्हा पिशवीतूनही पाणी गळत होतं.

"घरात सगळ्यात जास्त शिकलेला," आक्का म्हणाली, "आन् छत्री न्हाई."

"वडमाळात कुणाकडं छत्री आहे?"

"त्यायची छत्री उन्हाची असती," दाजी आतून म्हणाले. "या पाव्हणे. अंग पुसा आधी. पाणी प्या. इकडं पेला पूर्ण भरतेत बरं का, घाबरू नका."

पाणी तांब्याभर आलं, मागितल्याशिवाय.

तिच्या घराच्या भिंतीला खालून हातभर हिरवट शेवाळ होतं. दोरीवरचे कपडे तीन दिवसांपासून तिथंच होते. पापड डब्यात मऊ पडलेले. निलंग्याला धुतलेला सदरा दुपारपर्यंत कडक वाळतो. इथं मीठसुद्धा ओलं. आक्कानं सुशीला केला, म्हणजे आमच्याकडचा चुरमुऱ्यांचा नाश्ता. आम्ही चुरमुरे पाण्यातून काढून मग फोडणीत टाकतो. आक्का म्हणाली, "इथं भिजवायचं कामच न्हाई. डबा उघडा ठिवला की झालं."

तिच्याकडचा पाऊस आमच्या पावसाचा नातेवाईकसुद्धा नाही. आमच्या वाट्याला येतो तो पश्चिमेचा, सह्याद्रीनं पिळून घेतलेला. इकडं बंगालच्या उपसागरात हवेचा दाब कमी झाला की पूर्वेकडून, तेलंगणावरून ढग येतात. त्यांच्या वाटेत सह्याद्री नाही. म्हणून नांदेडच्या पूर्वेला, किनवटच्या जंगलाकडं तर आणखी जास्त. लातूरपर्यंत येता येता तेही थकतात. दोन्ही समुद्रांचा शेवटचा घोट आम्हाला, तोही मिळाला तर. आक्काच्या रानात त्या दिवशी उभ्या सोयाबीनच्या शेंगांना मोड आले होते. दाजींनी एक शेंग आणून माझ्या हातावर फोडली. "बगा गुरुजी, तुमचं जळालं, आमचं उगवून राहिलं. घरी दोघांच्याबी काही न्हाई येत."

पिशवीतले कागद भिजले होते. सरांचं पत्र प्लास्टिकमध्ये असल्यानं वाचलं, पण यंत्राच्या नोंदी एकमेकींना चिकटल्या होत्या. आक्कानं त्या अलगद सोडवल्या, माजघरात ओळीनं पसरल्या आणि कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या. पावसाचे चार दिवस मी लाल पेनानं गोल केले होते. लाल शाई फुटली होती. आक्का उकिडवी बसून बघत राहिली.

"ह्या लाल केलेल्या दिवशीच पाऊस पडला का?"

"हो. चारच दिवस."

"चारी सोमवार हायेत की रे."

"कशावरून?"

"माझे उपास होते. हा बग, ह्या दिवशी माझ्या नणंदा आल्त्या. साबुदाणा पुरला न्हाई, मी शेंगदाण्यावर काढला दिवस. त्यो दुसरा सोमवार." तिनं भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं. उपासाच्या प्रत्येक तारखेवर तिनं काजळाचा ठिपका दिला होता. चार ठिपके, माझे चार लाल गोल.

"योगायोग असेल," मी म्हणालो.

"वाऱ्याला सोमवार कळतो व्हय रे?"

मी ठिपके पुन्हा मोजेपर्यंत तिचा पुढचा प्रश्न आला.

"किती वाजता पडतो?"

"सकाळी सातच्या पुढं."

"देवाला पाणी घालायची येळ ती. मशीन कुठं बशिवलंय म्हणलास?"

"महादेवाच्या देवळामागं."

ती हसली असती तर बरं झालं असतं. ती उठून चुलीकडं गेली आणि तव्यावरची भाकरी उलटली. पाठमोरीच म्हणाली, "जेवून घे आता. अंबाडीची भाजी केलीय, तुला आवडती."

माझी गार हवा, माझे निळे बाण, विभागाचा शिक्का, सगळं तिच्या माजघरात वाट्यांखाली वाळत पडलं होतं. चौथीतून काढलेल्या बाईनं ते एका बैठकीत निकालात काढलं. तात्यांनी बोटानं सांगितलं होतं, तिनं उपासानं सांगितलं. दोघांनाही शाळेत कुणी ठेवलं नव्हतं, आणि ज्याला ठेवलं त्याला दिसलं नाही. त्या भाजीची चव मला आठवत नाही.

कवठखेडा

यंत्राभोवती तारेचं कुंपण होतं. त्याचं फाटक कुणीतरी शेळ्यांच्या वाड्याला नेलं असावं. आत छातीइतक्या उंचीच्या खांबावर पांढरं गोल भांडं, तोंड आभाळाकडं. खांबाला हळदीकुंकवाची दोन बोटं होती. खांबापाशी कुणीतरी ठेवलेल्या दगडावर चढून आत पाहिलं तर जाळीवर बेलाचं वाळलेलं पान.

विचारत फिरावं लागलं नाही. देवळाच्या पायरीवर वाती वळत बसलेल्या बाईनं लगेच सांगितलं, "ते व्हय? सोजरमायनं वाह्यलं असंल."

सोजरमाय आता वाकली आहे. मला तिनं आवाजावरून ओळखलं.

"बाला का? किती दिसानं. बस. भाकर खातूस?"

"माय, श्रावणात तुम्ही त्या मशीनमधी पाणी घातलंत का?"

"हाव की. चार सोमवार." ती खुशीत होती. "महादेवाला एक तांब्या, त्याला एक. बशिवणारा पोरगा म्हणला होता, ह्याच्यात पाणी पडलं की सरकारला पाऊस कळतो. आन् ते तसं तोंड वर करून कोरडं उभं. बगवंना मला. तुमच्या माळावर तर लईच हाल. म्हणलं, देवाला घालतेच हाव, ह्यालाबी घालावं. पडंल कदाचित."

ती पाणी घालायची तो तांब्या उंबऱ्याजवळ होता. मी तो हातात घेऊन पाहिला. अर्ध्या लिटरचा. यंत्राच्या तोंडाचं क्षेत्रफळ मला पाठ होतं, दोनशे चौरस सेंटिमीटर. अर्धा लिटर म्हणजे पंचवीस मिलिमीटर पाऊस. आत एक छोटी डोलणारी पळी असते, भरली की उलटते आणि नोंद होते. थोडं सांडलं असेल तेवढं सोडलं तर माझ्या चारी लाल गोलांत तोच आकडा होता. हे भागाकाराचं गणित मी आठवीच्या मुलांना देतो.

मी तिला समजावून सांगितलं. सोप्या शब्दांत, पुन्हा पुन्हा. तिला पहिल्यांदाच कळलं होतं, मीच थांबत नव्हतो.

"म्हंजी तिथं वर पाऊस पडला असं लागलं?"

"हाव."

"आन् म्हणून यादीत न्हाई?"

"नाही. तुमचंबी गाव नाही, आमचंबी नाही. मंडळातलं कुठलंच नाही."

तिनं पदर तोंडाला लावला, पण रडली नाही. बराच वेळ आपल्या उजव्या हाताकडं बघत बसली.

"माझ्या हातानं झालं म्हण की."

मी लातूरच्या त्या माणसाला फोन लावला. त्यानं ऐकून घेतलं, मधेच हसला, मग गंभीर झाला. म्हणाला, "असं कुणीतरी पाणी घातलं म्हणून चालत नाही, गुरुजी. कुणी घातलं, कधी, किती, नाव आन् सही लागंल. पंचनाम्यासारखं." मी फोन ठेवला आणि सोजरमायच्या अंगणात बसून राहिलो. नाव न लिहिता हा कागद कसा करता येईल याचा मी विचार केला, हे मला नोंदवायचं आहे. आणि नाव लिहिलं, हेही.

"लिही," ती म्हणाली. "खोटं थोडंच हाय. तुझ्या मायला टँकर पायजे."

मी लिहिलं. साक्षरतेच्या वर्गात शिकलेली सही तिनं केली, एकेक अक्षर बोटानं चाचपत. सोजराबाई. शेवटच्या 'ई'साठी तिला पेन दोनदा उचलावा लागला.

परतल्यावर

तो कागद लातूरला पोचला आणि कवठखेड्यातही पोचला. गावाला टँकर का नाही याचं उत्तर लोकांना मिळालं, आणि उत्तराला नाव होतं. देवळाच्या पंचांनी तिला सांगितलं की मागच्या बाजूला फिरकायचं नाही. दोन घरांनी तिच्याशी बोलणं टाकलं. त्यातल्या एका घरच्या माणसानं, ज्यांच्या आडावर आम्हाला कधी थारा नव्हता, मला रस्त्यात गाठून माझे आभार मानले. "बरं केलं बाला, छडा लावलास." मी त्याला काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

त्या वर्षीची यादी बदलली नाही. निघालेली यादी निघालेली असते, असं मला सांगण्यात आलं. चैत्रात माय घागर घेऊन कवठखेड्याला उतरली. सोजरमायनं तिला पाणी शेंदून दिलं आणि दोघी दुपारभर ओसरीवर बसल्या. काय बोलल्या ते मायनं मला सांगितलं नाही.

सरांचं पत्र मी अर्जाला जोडलं नाही. नवा अर्ज एका पानाचा केला. कुंपण, फाटक, कुलूप, आणि माळावरच्या गावाला वेगळं मापक. तुलनेच्या रकान्यात तात्यांचं माप लिहिलं: श्रावणअखेर, कवठखेडा शिवार, बोटभरही ओल नाही. वाचणारा हसला असेल. मी सरांना फोन करून सगळं खरं सांगितलं. ते म्हणाले, "मांडणी चांगली होती रे." आक्काला कळवलं तेव्हा ती म्हणाली, "आता तरी छत्री घे."

वर्गात मी तो धडा अजून शिकवतो. सह्याद्री, वारा, उंची, समुद्रापासूनचं अंतर, सगळं खरं आहे आणि सगळं शिकवलं पाहिजे. फक्त आता फळ्यावर काही लिहिण्याआधी मी मुलांना रानात नेऊन माती उकरायला लावतो. मुख्याध्यापकांना ते आवडत नाही.

कवठखेड्याच्या यंत्राला फाटक बसलं, कुलूप लागलं. पुढच्या आषाढात वडमाळच्या शाळेच्या पटांगणात, झाडापासून आणि देवळापासून लांब, पर्जन्यमापक उभं राहिलं. रोज सकाळी साडेआठला नोंद होते आणि ती वडमाळच्या नावानं वर जाते. त्या सालीही पावसानं दगा दिला. गेल्या उन्हाळ्यात टंचाईच्या यादीत वडमाळचं नाव होतं. टँकर दिवसाआड आला.